जोडीचा उरलेला पास

फ्रीजवर ठेवलेला आसारामचा मोबाईल वाजला तेव्हा झुंबरबाई लसूण सोलत बसली होती. आवाज कानावर पडला आणि सवयीनं तिनं मान वळवून हाक मारली, "आवो, तुमचा फोन." मग घर गप्प झालं आणि त्या गप्पपणात फोन एकटाच वाजत राहिला. फाल्गुनात माणूस गेला होता. आता वैशाखाचं ऊन गच्चीवरून खाली उतरून खिडकीच्या गजांना लागलं होतं. मधल्या दिवसांत तो फोन एकदाही वाजला नव्हता, तरी देवापुढं दिवा लावला की ती रोज सकाळी त्याला चार्जिंगला लावायची. सून रोहिणी एकदा जपून म्हणाली होती, "आई, ते सिमकार्ड बंद करू का?" त्यावर झुंबरबाईनं एवढंच म्हटलं होतं, "राहू दे. काय खातंय का ते?" आता तेच वाजत होतं. ती उठली, पदराला हात पुसले, तरी लसणाचा वास राहिलाच. तिकडून एका मुलीचा आवाज आला, "नमस्कार, आसाराम सर बोलतायत का?" उभ्या जन्मात तिनं ते नाव उखाण्यातच काय ते घेतलेलं, आणि फाल्गुनापासून तर घरात कोणीच ते उच्चारलं नव्हतं. अंगद 'बाबा' म्हणायचा, रोहिणी 'मामा' म्हणायची. नाव असं अख्खं, ताजं, एखाद्या हयात माणसाला हाक मारावी तसं पुढं आलं आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "ते बाहेर गेलेत." "बरं मॅडम. त्यांच्या नावावर आमच्या वॉटर पार्कचा जोडीचा पास आहे. एक खेप वापरली, एक शिल्लक आहे. मेअखेर मुदत संपतेय. दोघं येणार ना?" झुंबरबाईनं भिंतीकडं पाहिलं. भिंतीवर हार घातलेला फोटो होता. "व्हय," ती म्हणाली, "दोघं."

फोन ठेवल्यावरही ती तशीच उभी राहिली. खोटं बोलताना जीभ कशी अडखळली नाही, याचं तिला नवल वाटलं. आणि त्याहून नवल म्हणजे बोलल्यावर तोंडात गुळाचा खडा ठेवावा तसं वाटलं. बाहेर गेलेत. म्हणजे येतील. दूध आणायला गेले असतील, नाहीतर शेजारच्या सोसायटीतल्या चाफ्याला पाणी घालत असतील. अंगदला एमआयडीसीत नोकरी लागली आणि त्यानं आई-बापाला नगरात सावेडीला आणलं, तेव्हा आसारामला रिकामं बसवेना. जन्मभर उसाच्या फडात राबलेला माणूस तिसऱ्या मजल्यावर काय करणार? त्यानं शेजारच्या सोसायटीची झाडं सांभाळायला घेतली. गुडघे थकून ते काम सुटलं त्या दिवशी तिथल्या लोकांनी शाल, नारळ आणि हा पास दिला होता. शाल-नारळ कोणीही देतं. पास कोणाच्या डोक्यातून निघाला ते काही कळलं नाही, पण ज्याच्या डोक्यातून निघाला त्याचं भलं होवो, असं झुंबरबाई अजून म्हणायची. आसारामनं तो दूधवाल्यालासुद्धा दाखवला होता. "शिर्डीच्या रस्त्याला हाय म्हनं. समुद्र केलाय त्यांनी. लाटा येत्यात." समुद्र दोघांनीही पाहिलेला नव्हता. पाथर्डीकडच्या त्यांच्या गावात पाणी टँकरनं यायचं आणि हंडाभर पाण्यासाठी बायकांची भांडणं व्हायची; तिथल्या माणसाला समुद्र म्हणजे ऐकीव गोष्ट.

पहिल्या खेपेला ते संक्रांतीच्या पुढं-मागं गेले होते. त्या दिवसाची झुंबरबाईला अजून अंगभर आठवण होती. आत शिरल्या-शिरल्या एका उंच खांबावर टांगलेली बादली, खोलीएवढी मोठी, भरत-भरत कलंडली आणि खालच्या पोरांच्या अंगावर पाण्याचा लोट कोसळला. पोरं किंचाळून हसली. झुंबरबाई मात्र वाहून जाणाऱ्या पाण्याकडं बघत राहिली. एवढं पाणी, आणि नुसतं हसण्यासाठी! तिला वाटलं, कोणीतरी येऊन आता सगळ्यांना रागावेल. आसारामनं सरळ तिथल्या पहारेकऱ्याला गाठलं, "का वो, हे पानी सांजच्याला कुठं जातं?" तो म्हणाला, "कुठं जातंय बाबा, गाळून उद्या परत हितंच येतं." आसारामचं तोंड उजळलं. "ऐकलं का? तेच पानी परत येतं म्हनं!" दिवसभर तो हे पुनःपुन्हा म्हणत राहिला, जणू त्यानंच ते शोधून काढलं होतं. पण पाण्यात उतरायचं तर तिथला नियम आडवा आला. सुती कापड चालत नाही, त्यांच्याकडचा नायलॉनचा पोशाख घालायचा. खिडकीवर टांगलेल्या त्या तंग विजारी बघून झुंबरबाईनं कानावर हात ठेवले. "ह्या वयात लुगडं सोडू व्हय? लोक हसतील." आसारामनं एक चड्डी हातात घेऊन कमरेला लावून पाहिली होती. तिनं तसं म्हटल्यावर त्यानं ती नीट घडी घालून परत ठेवली. "आसू दे. हितं बसूनबी गारच लागतंय." मग दिवसभर दोघं त्या समुद्राच्या पायरीवर बसली. मध्येच भोंगा व्हायचा, अगदी साखर कारखान्याच्या भोंग्यासारखा, आणि लाटा सुरू व्हायच्या. निघताना तो विजार दुमडून कडेला उभा राहिला, जिथं लाट पातळ होऊन येते तिथं. पावलं भिजली. मागं न बघता तो म्हणाला, "पुढल्या खेपेला उन्हाळ्यात येऊ. तवा आत जाऊ, छातीएवढं." तो एकटाच आत गेला असता तर ती त्याला थोडीच अडवणार होती! पण तिला सोडून एकट्यानं मजा करणं त्याला कधी जमलंच नाही. फडातसुद्धा ती जेवायला बसल्याशिवाय त्यानं भाकरी मोडली नव्हती.

संध्याकाळी तिनं अंगदला फोनचं सांगितलं. 'बाहेर गेलेत' तेवढं सांगितलं नाही. अंगद बूट काढता-काढता म्हणाला, "आई, तो पास देऊन टाकू. कंपनीत एका पोराचं नवीन लग्न झालंय, जातील दोघं." झुंबरबाई म्हणाली, "न्हाई." "अगं, मग करणार काय त्याचं?" "जानार." अंगदनं काढलेला बूट तसाच हातात धरला. "आई, वर्ष नाही पालटलं अजून. गावाकडं कळलं तर लोक काय म्हणतील? नवरा जाऊन तीन महिने नाही झाले आणि म्हातारी पाण्यात खेळायला गेली?" तो वाईट बोलत नव्हता, घाबरून बोलत होता, बाप गेल्यापासून त्याचा आवाज जरा बापासारखाच यायला लागला होता. रोहिणी स्वयंपाकघरातून म्हणाली, "मी सुट्टी काढते. आई, मी येते तुमच्याबरोबर." झुंबरबाईला सुनेचं फार कौतुक वाटलं, पण तिनं मान हलवली. काय सांगायचं यांना? तो पास शिल्लक होता तोवर आसारामला अजून कुठंतरी जायचं बाकी होतं. दुसऱ्याला दिला तर ते जाणं दुसऱ्याचं होणार. तसाच ठेवला तर महिनाअखेर तो नुसता कागद. आणि आपण वापरला तर तेही संपणार, पण निदान जायचं तिथं जाऊन संपणार. हे तिच्या मनात असं सरळ आलं नव्हतं. पोटात घट्ट धरून ठेवलेलं काहीतरी होतं एवढंच. "कडूला बोलीव," ती म्हणाली. अंगदनं कपाळाला हात लावला. "कडूमावशीला? ती म्हणजे..." "ती म्हंजी काय? तू पोटातनं बाहेर आलास त्या दिवशी माझ्या जागी कोन उभं हुतं, इचार तिला."

उसाच्या तोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता; नवरा तोडणार, बायको मोळी बांधणार, वाहून नेणार. जोडीतलं एक गळालं की मागं उरतो तो अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला टोळीत कोणी उभं करत नाही. राहात्याच्या बाजूला तोडीला असताना कडूबाईचा नवरा सहादेव कोपीत झोपेतच पान लागून गेला. उसाच्या वाढ्यांनी शाकारलेली ती झोपडी, तिथं साप नेहमीचाच. दहावा उरकून कडूबाई परत फडावर आली तर मुकादम म्हणाला, "बाई, तू आता गावाला जा. एकटीचं काय काम?" सगळी टोळी खाली मान घालून उभी. आसाराम पुढं होऊन म्हणाला होता, "मुकादम, आमच्या कोयत्यात धरा तिला. दीड कोयता लिवा." दीड कोयता असं काही नसतंच. टोळी हसली, मग कुजबुजली. आसारामनं दुसरी केली म्हणाली. झुंबरबाई तेव्हा आठव्या महिन्यात होती. नवऱ्याचा शब्द तिला पटलाही होता आणि बोचलाही होता. दोन्ही एकाच वेळी कसं होतं ते तिला तेव्हा उमगलं नाही. पुढं अंगदच्या वेळी ती कोपीत कळा देत होती आणि तिची मोळी कडूबाई वाहत होती. पोर झाल्यावर सहाव्या दिवशी झुंबरबाई कोपीच्या दारात येऊन बसली. उसाची पानं कापतात म्हणून बायका लुगड्यावर नवऱ्याचा जुना सदरा चढवायच्या, लांब बाह्यांचा. आसारामचे असे दोनच सदरे होते, आणि त्यातला निळा तो स्वतः घालायचा, दुसरा झुंबरबाईच्या अंगावर असायचा. दूर फडाच्या तोंडाशी तो निळा सदरा पाठमोरा वाकलेला दिसला. झुंबरबाईनं उमाळ्यानं हाक मारली, "आवो!" सदरा वळला तर कडूबाई. आसाराम पलीकडं उघड्या अंगानं तोडत होता. पाठीवर उसाच्या पात्यांचे लाल ओरखडे. कडूबाईला त्यानं आपला सदरा दिला होता. झुंबरबाई त्या दिवशी कोणाशी बोलली नाही. बाळाला उगाच घट्ट धरून बसली. रात्री कडूबाईनं सदरा धुऊन, घडी घालून तिच्या उशाशी आणून ठेवला आणि म्हणाली, "तुझा तुला घे, झुंबरे. मी पोतं बांधीन अंगाला." तेव्हा कुठं झुंबरबाईला रडू फुटलं. तिनं सदरा परत कडूबाईच्या अंगावर टाकला.

माळीवाड्याच्या स्टँडवर कडूबाई उतरली ती पिशवीत शेंगदाण्याची चटणी आणि तोंडात मिसरी घेऊनच. "कुठं बुडवायला चाललीस गं मला?" ती सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं म्हणाली. झुंबरबाई म्हणाली, "तोंड धू आधी. मोठ्या लोकांचं ठिकान हाय." राहुरी गेली तसा रस्त्याच्या दोन्ही अंगांना हिरवा ऊस सुरू झाला. दोघी खिडकीला चिकटून बसल्या. कडूबाई बोट दाखवायची, "ह्यो बघ आपला फड हुता." "न्हाई गं, त्यो कालव्याच्या पल्याड." "तुला काय म्हाईत? तू तर बाळंतीन." एसटीत एका बाईनं विचारलं, शिर्डीला का? "न्हाई बाई," कडूबाई म्हणाली, "समुद्राला." झुंबरबाई हसली आणि हसता-हसता दचकली. फाल्गुनापासून ती अशी आवाज करून हसली नव्हती. चोरी केल्यासारखं तिनं इकडं-तिकडं पाहिलं. कोणी बघत नव्हतं. ऊस मागं पळत होता. मुंबईसुद्धा न बघता त्यांचं आयुष्य ह्याच उसातून गेलं होतं, दुसऱ्याच्या. आणि तरी आता ह्या हिरव्याकडं बघताना तिला राग आला नाही. हाताला पडलेले घट्टे अजून गेले नव्हते. त्याच घट्ट्यांनी अंगद शिकला, रोहिणीसारखी सून मिळाली. आणि एवढ्या कष्टातही ज्याच्या शेजारी वाकायचं तो माणूस चांगला मिळाला. सगळ्यांना कुठं मिळतो?

फाटकावर एक मुलगी बसली होती. तिनं पास पाहिला, समोरच्या पडद्यावर पाहिलं, मग दोघींकडं पाहिलं. "आजी, हा जोडीचा पास आहे. आसाराम आणि झुंबरबाई. आजोबा?" कडूबाईनं तोंड उघडलं, ती तयारच होती, म्हणाली असती, मीच आसाराम. झुंबरबाईनं तिचा हात दाबला. इथं येईपर्यंत तिला वाटलं होतं, आणखी एकदा म्हणू, बाहेर गेलेत, मागनं येतायत. पण कडूबाई तिथं शेजारी उभी असताना ते तोंडातून निघेना. "ते वारले," ती म्हणाली. "फाल्गुनात. फोनवर मीच बाहेर गेलेत म्हनाले. खोटं बोलले बाई. त्यांच्या जागी ही आलीये. चालत नसंल तर तसं सांग." मुलीनं पास खाली ठेवला. मग म्हणाली, "फोन मीच केला होता, आजी." ती उठून मागच्या साहेबाशी काहीतरी बोलली. तो साहेब तिथूनच मान हलवून म्हणाला, "जाऊ दे त्यांना. उन्हात कशाला उभं केलंस?" मुलीनं खिडकीतून हात पुढं केला आणि दोघींच्या मनगटांवर कागदाचे पट्टे बांधले. पट्टे हिरवे होते. झुंबरबाईचं मनगट फाल्गुनापासून उघडं होतं, कडूबाईचं तर कितीतरी वर्षं. दोघींनी एकमेकींचे हात पाहिले. कडूबाई हळूच म्हणाली, "हिरवंच बांधलं की गं पोरीनं." मुलीला त्यातलं काही कळलं नाही. "सांभाळून जा, आजी. भोंगा झाला की लाटा येतात," ती म्हणाली. झुंबरबाईनं तिच्या गालावरून बोटं फिरवून कानशिलावर मोडली.

आत तीच बादली कलंडत होती, तीच किंचाळणारी पोरं होती. पोशाखाच्या खिडकीवर झुंबरबाई दोन पावलं मागंच थांबली. कडूबाईनं मात्र बायकांचा पोशाख उचलून उलटा-पालटा करून पाहिला आणि परत फेकला. "ह्याला बाह्या कुठं हायत? आन् ही चड्डी काय नातीची हाय का? गड्यांचा दे, बाबा. लांब बाह्यांचा. आन् पायघोळ विजार." खिडकीतला माणूस हसू दाबत आत गेला. "हसतोस काय? फडात जल्मभर गड्याचाच सदरा घातलाय आमी." त्यानं दोन निळे सदरे आणून दिले. कपडे बदलायच्या खोलीत झुंबरबाई बराच वेळ लुगड्यातच बसून राहिली. बाहेरून कडूबाईनं दार वाजवलं, "चल की!" "तू हो पुढं." कडूबाईची पावलं फरशीवर चपक-चपक करत गेली. तो सदरा मांडीवर होता, गार, बुळबुळीत, औषधाच्या पाण्याचा वास येणारा. आसारामच्या सदऱ्याला घामाचा आणि उसाच्या चिकाचा वास यायचा. पहाटे अंधारात तो तिला सदरा द्यायचा तेव्हा आधी झटकून बघायचा, विंचू-काटा आहे का. एवढं साधं. हे त्याचं झटकणं तिला इतक्या वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं, आणि आता ते तिच्या हातात आलं. तिनं तो निळा सदरा उभा धरून दोनदा झटकला. मग घातला. बाह्या बोटांपर्यंत ओढून घेतल्या, पूर्वी ओढायची तशाच. शरीराला सगळं ठाऊक होतं. लाज कुठल्या कुठं गेली आणि कामाला निघाल्यासारखी ती दार उघडून बाहेर आली.

ऊन डोळ्यांवर आलं. त्या समुद्राच्या कडेला, पायरीशी, ती थांबली. इथंच दोघं दिवसभर बसली होती. पाणी स्थिर होतं आणि चकाकत होतं. पोरं, जोडपी, तंग कपड्यांतल्या बाया. आणि त्या सगळ्यांच्या पुढं, कमरेएवढ्या पाण्यात, एक निळा सदरा पाठमोरा उभा होता. खांदे थोडे वाकलेले. डावा खांदा जरा खाली, जन्मभर ओझं वाहिलेल्या माणसाचा असतो तसा. ती पाठ लाटेची वाट बघत होती. झुंबरबाईला सगळं माहीत होतं. तरी तिच्या आतून, पार बेंबीपासून, तीच जुनी हाक उठली आणि तिनं ती अडवली नाही.

"आवो!"

निळा सदरा वळला. कडूबाईच्या बोळक्या तोंडाला पाणी लागलं होतं, पांढरे केस कपाळाला चिकटले होते. क्षणभर तिनं झुंबरबाईकडं नुसतं पाहिलं. मग तिलाही फडातली ती दुपार आठवली असावी. "परत फसलीस व्हय गं?" ती ओरडली. "रुसून बसू नको आता. सदरा तुझ्या अंगात बी हाय!"

झुंबरबाईच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्याच वेळी तिला हसूही आवरेना. तिनं पहिलं पाऊल टाकलं. घोटा बुडाला, जिथवर आसाराम गेला होता. तिथं ती जरा थांबली. मग गुडघा, मग कंबर. पाणी ऊन होतं वरून आणि आत गार. तळाला पाय सरकत होते, तोल जात होता. कडूबाईनं लांब बाहीतून हात पुढं केला. झुंबरबाईनं तो मनगटाजवळ धरला, मोळी डोक्यावर चढवताना धरायचा तसा, घट्ट. "आजून पुढं," ती म्हणाली. "छातीएवढं जायचं हाय." "आगं, बुडू की." "न्हाई बुडत. धरलंय ना मी."

दोघी तशाच पुढं सरकल्या. पाणी छातीला लागलं तेव्हा भोंगा झाला. कडूबाईनं डोळे मिटून घेतले. झुंबरबाईनं उघडे ठेवले. पलीकडच्या भिंतीपाशी पाणी फुगलं, उचललं गेलं आणि उन्हासकट त्यांच्याकडं यायला लागलं. तिचे पाय तळापासून सुटले. डोक्यावरची मोळी कोणीतरी अलगद उतरवून घ्यावी तसं अंग हलकं झालं. मग लाट मागं गेली, पाय टेकले, आणि नाकातोंडात पाणी जाऊन ठसकत कडूबाई म्हणाली, "गेलं का गं?"

"दम धर," झुंबरबाई म्हणाली. "तेच परत येतं."